मावशींची लिफ्ट आणि तुमची सही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वाकडला एका २४ मजली टॉवरमध्ये १९व्या मजल्यावर राहणाऱ्या, घरूनच नोकरी करणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या सोसायटीत लिफ्टबाहेर नोटीस लागली. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीवाले यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी, लॉबीतल्या सोफ्यावर आणि बागेतल्या बाकांवर बसू नये. नियम मोडल्यास संबंधित फ्लॅटधारकाला ५०० रुपये दंड. ताईंकडे सहा वर्षं काम करणाऱ्या मावशी काळेवाडीहून येतात. त्यांचे गुडघे दुखतात. गेल्या महिन्यात कुणाच्या तरी बाथरूमच्या तोडफोडीचा राडारोडा सर्व्हिस लिफ्टने उतरत होता, म्हणून मावशी साध्या लिफ्टमध्ये शिरल्या. एका रहिवाशाने त्यांना सातव्या मजल्यावर उतरायला लावलं. पुढचे १२ मजले त्या जिन्याने चढल्या. ताईंना हे समोरच्या शेजारणीकडून कळलं. मावशी चकार शब्द बोलल्या नाहीत. आता ताईंना सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहून टाकायचं आहे. त्यांचे यजमान कमिटीत खजिनदार आहेत. ते म्हणतात, "मावशींना काही वाटलं नाही, तू कशाला पेटतेस? मला रोज त्याच लोकांत बसायचंय." ताई विचारतात, भांडू की गप्प बसू? पत्राच्या ओघात त्यांनी हेही लिहिलंय, की "आम्ही मावशींना घरच्यासारखंच वागवतो, त्यांच्यासाठी छान वेगळा कपसुद्धा आणलाय."

ताई,

तुमचा संताप रास्त आहे आणि ती नोटीस वाईट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तुम्हाला जे प्रश्न विचारणार आहे ते "जाऊ दे" म्हणण्यासाठी नाहीत, हे स्पष्ट असेल.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुम्ही बोलता, यजमान बोलतात, शेजारीण बोलते, नोटीस तर बोलतेच. मावशी मात्र एकदाही बोलत नाहीत. त्या गप्प राहिल्या यावरून यजमानांनी ठरवलं की त्यांना काही वाटलं नाही. तुम्ही ठरवलंत की त्या इतक्या दुखावल्या की बोलता आलं नाही. दोन्ही अंदाजपंचे. सहा वर्षं रोज तुमच्या ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईला विचारणं दोघांनाही सुचलं नाही, आणि ही गोष्ट मला त्या नोटिशीइतकीच खटकली.

त्या का बोलल्या नसतील, याचं एक अगदी व्यवहारी कारण असू शकतं. वाकड, पुनावळे, बाणेर, खराडी, कुठल्याही मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर सकाळी सात वाजता उभं राहून बघा. बायका ओळीने येतात, वॉचमनच्या टॅबवर आपला कोड टाकतात, कोड लागला की फ्लॅटधारकाच्या फोनवर "आल्या" अशी सूचना जाते. त्याच ॲपवर त्यांची हजेरी, त्या कुठल्या कुठल्या घरी काम करतात त्याची यादी आणि चक्क तारेसुद्धा असतात. पाचपैकी किती. जाताना पिशवी दाखवायची. तुम्ही दिलेली जुनी साडी न्यायची असली तरी तुमच्याकडून गेटपास लागतो. आणि कमिटीने ठरवलं तर तो कोड एका बोटाने बंद होतो. तुमच्या एका घरापुरता नव्हे, सगळ्या टॉवरपुरता. मावशींची त्याच आवारात तुमच्याखेरीज आणखी तीन-चार घरं असतील तर त्यांचा सगळा महिना त्या एका कोडवर टांगलेला आहे. अशा जागी माणूस तोंड उघडण्याआधी हिशेब करतो. मावशींनी तो केला असावा.

म्हणून तुम्ही ग्रुपवर लिहायला घेतलेल्या मजकुराबद्दल मला काळजी वाटते. "आमच्या मावशींना सातव्या मजल्यावर उतरवलं" असं लिहिलंत की पहिल्या दहा मिनिटांत हात जोडलेल्या इमोजी येतील. पुढच्या दहा मिनिटांत "पण सुरक्षेचं काय", "पण गर्दीचं काय", आणि मग कुणीतरी विचारेलच, "कुठल्या मावशी? कुणी उतरवलं?" संध्याकाळपर्यंत टॉवरभर नाव झालेलं असेल. तुमचं फार तर चार लोकांशी बोलणं बंद होईल. मावशींची दोन कामं जातील. तुम्ही भांडायचं आणि किंमत त्यांनी मोजायची, असं होऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर आजवर सोसायटीचा एकही नियम बदललेला माझ्या ऐकिवात नाही, हा आणखी एक मुद्दा. तिथे फक्त माणसं बदलतात: गटातून बाहेर पडतात आणि आठवड्याने परत येतात.

तेव्हा आधी मावशींशी बोला. कसं, तेही महत्त्वाचं. "त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं का हो?" असं विचारू नका, त्यावर "नाही ताई, चालतंय" हेच उत्तर येणार. काम आटोपल्यावर, चहा घेताना, दोघी बसलेल्या असताना साधं विचारा: सकाळी लिफ्टला किती वेळ जातो? त्यामुळे कुठल्या घरी उशीर होतो? तिथे काय ऐकून घ्यावं लागतं? आपल्याकडे घरकामाचे पैसे कामावर ठरतात: भांड्यांचे इतके, केर-फरशीचे इतके, पोळ्यांचे इतके. लिफ्टसमोर उभं राहिलेल्या वेळेचे कुणी देत नाही. तीन टॉवरमध्ये कामं असली आणि प्रत्येक ठिकाणी सर्व्हिस लिफ्टला पंधरा मिनिटं थांबावं लागलं, तर जाता-येताचे मिळून एका घराचं काम त्या थांबण्यातच संपतं. हा अपमानापेक्षा वेगळा, पण मोजता येणारा तोटा आहे, आणि कमिटीपुढे मोजता येणारी गोष्ट जास्त चालते.

कदाचित तुम्हाला अपेक्षित नसलेलं उत्तर मिळेल. मावशी म्हणतील, "लिफ्टचं राहू द्या ताई, खालच्या संडासाला कुलूप असतं त्याचं बघा." पार्किंगमध्ये ड्रायव्हर आणि सफाईवाल्यांसाठी बांधलेलं ते स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी एक तर बंद असतं किंवा आत पाणी नसतं, आणि सकाळी सहाला घरातून निघालेली बाई दुपारपर्यंत पाच घरं करते. ती कुणाच्या घरचं वापरते? आणि, रागावू नका, तुमच्या घरचं वापरते का? किंवा त्या म्हणतील की दोन घरांच्या मधे अर्धा तास रिकामा असतो, तेव्हा पोळी-भाजीचा डबा खायला टेकायची जागा हवी. सध्या त्या जिन्यात बसतात. तसं असेल तर लिफ्टची पाटी हटवून तुमचं समाधान होईल, त्यांचं होणार नाही. त्यांची यादी आणि तुमची यादी वेगळी निघाली तर त्यांची आधी घ्या.

आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही यात पडू नका," तर? तर त्यांना पूर्ण बाजूला ठेवा. त्यांचं नाव नको, तो प्रसंग नको, त्यांच्या गुडघ्यांचा उल्लेखही नको. पण नोटीस तुमच्याही लिफ्टवर लागलेली आहे. त्याबद्दल बोलायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

आता कपाचं बोलू. तुम्ही प्रेमाने आणलात यात मला शंका नाही. पण तो छान कप कुठे ठेवता? तुमच्या कपांच्या रांगेत, की ओट्याच्या कोपऱ्यात पालथा, की बाल्कनीतल्या कपाटात? पाहुण्यांना तो चुकून दिला जातो का? दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला लोखंडी गोल जिने अजून दिसतात. ते संडास साफ करणाऱ्यांसाठी होते, म्हणजे त्यांनी पुढच्या दाराने यायला नको. पुढे घरोघरी फ्लश आले, गोल जिने गंजले, आणि आता चकचकीत स्टीलची सर्व्हिस लिफ्ट आली. त्या जिन्यापासून तुमच्या कपापर्यंत अंतर बरंच आहे, हे मान्य. तरीही कमिटीतला एखादा चलाख माणूस तुम्हाला विचारू शकतो, "मॅडम, तुमच्याकडे मावशी कुठल्या कपात चहा पितात?" तेव्हा उत्तर तयार असलेलं बरं. त्याहून बरं म्हणजे तो कप आजपासून कुणीही वापरावा.

"घरच्यासारखं" म्हणता, तर आणखी तीन-चार गोष्टी तपासा. आठवड्याची हक्काची सुटी ठरलेली आहे का? आजारपणाचे पैसे कापता का? शेवटची पगारवाढ कधी दिली, आणि ती तुम्ही होऊन दिली की त्यांनी मागितल्यावर? पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला होता. भरपगारी सुटी आणि बरी मजुरी, मागण्या याच होत्या, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. चाळीसहून जास्त वर्षं झाली तरी बऱ्याच घरांतून त्याच मागण्या अजून तशाच आहेत. राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची त्याखाली नोंदणी होते. मावशींची झाली आहे का ते विचारा. नसेल तर एखाद्या दुपारी कागदपत्रांसाठी त्यांच्यासोबत जा, आणि त्या दुपारचे पैसे कापू नका. तुमच्या मनातला ग्रुपवरचा लेख वाचून जितक्या लोकांना बरं वाटलं असतं, त्यापेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

इथवर तुमच्या घरातलं झालं. आता सोसायटी.

कमिटीतली माणसं दुष्ट आहेत असं धरून चालू नका. तशी एक-दोन असतात, पण बहुतेकांना सकाळी पावणेआठला खाली पोचायचं असतं आणि शाळेची बस सुटायची असते. ही अडचण खरी आहे. २४ मजले, मजल्याला चार घरं धरली तर ९६ घरं. सकाळच्या दोन तासांत त्यातली ऑफिसवाली, शाळेची मुलं, दूधवाला, पेपरवाला, कुरियर, इस्त्रीवाला आणि घरोघरच्या मावशी, सगळे त्याच तीन लिफ्टवर. लिफ्टच्या आत लावलेली पाटी बघा; ८ माणसं ५४४ किलो किंवा १३ माणसं ८८४ किलो असं काहीतरी लिहिलेलं असेल, म्हणजे माणशी ६८ किलो. दप्तरं आणि लॅपटॉपच्या पिशव्या धरल्या तर १३ च्या लिफ्टमध्ये नऊच मावतात. तेव्हा गर्दी होते, लोक वैतागतात, आणि वैतागलेल्या माणसाला सगळ्यात सोपा उपाय सुचतो: जो उलटून बोलणार नाही त्याला बाहेर काढा.

हा उपाय तांत्रिकदृष्ट्याही फसवा आहे. तीन लिफ्ट एकत्र चालल्या तर जी जवळ असेल ती येते. त्यातली एक अलग काढून तिच्यावर सगळ्या मावशी, सगळे डिलिव्हरीवाले, राडारोडा, फर्निचर आणि भाडेकरूंचं सामान टाकलं की ती कायम अडकलेली, आणि उरलेल्या दोन कधी खच्चून भरलेल्या तर कधी एकाच माणसाला घेऊन चाललेल्या. लिफ्टच्या देखभालीचा करार ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा. हल्लीच्या कंट्रोलरमध्ये फेऱ्यांची नोंद राहते, आणि सकाळी रिकाम्या लिफ्टने वरच्या मजल्यांवर जाऊन थांबावं अशी सोयही बऱ्याच ठिकाणी करता येते. आठवडाभराची नोंद समोर ठेवली की "मावशींमुळे गर्दी होते" हे विधान तपासता येईल. खरं निघालं तर वेळेचं काही ठरवा, पण सगळ्यांसाठी सारखं. खोटं निघालं तर नोटिशीचा आधारच गेला.

सुरक्षेचा मुद्दा मात्र मला पटत नाही. गेटवर कोड, पिशवीची तपासणी, लिफ्टमध्ये कॅमेरा. एवढं असताना एक बाई कुठल्या लिफ्टने वर गेली याने सुरक्षेत काय फरक पडतो? सोफ्यावर बसल्याने तर नक्कीच पडत नाही.

जाता जाता एक गंमत, कडवट आहे. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरायला सोसायटीने बंदी घालू नये, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहून ठेवलं आहे. तुमच्या टॉवरमधल्या लॅब्राडॉरपाशी दाखवायला कागद आहे. मावशींपाशी नाही. सभेत हे वाक्य म्हणायचा मोह होईल. म्हणू नका, श्वानप्रेमी सगळे विरोधात जातील आणि ते नेहमी संख्येने जास्त असतात.

मग म्हणायचं काय? तुमच्या स्वतःच्या हक्काचं बोला. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांमध्ये सारखा वाटला जातो, तुम्ही ती वापरा अगर न वापरा. म्हणजे तिन्ही लिफ्टचे पैसे तुम्ही भरता. तुमच्या घरी तुमच्या बोलावण्यावरून येणारी व्यक्ती त्यातली कुठली वापरते, यावर कमिटीने परस्पर बंदी घातली, आणि वर दंडही तुम्हालाच लावला. तक्रार करण्याजोगं एवढंच पुरेसं आहे. शिवाय, हा दंड ठरवला कुणी? कुठल्या नियमभंगाला किती दंड हे ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा. कमिटीच्या बैठकीत चार जणांनी ठरवून प्रिंटआउट चिकटवलं असेल तर तो दंड कागदावरच राहील. इतिवृत्त मागून घ्या. सभासदाला ते पाहण्याचा हक्क आहे. खजिनदारांच्या घरात तर ते शोधायलाही लागू नये.

यजमानांकडे वळू. तुम्ही त्यांना अडथळा समजता आहात. माझ्या मते ते तुमच्या हातातलं सगळ्यात उपयोगी पान आहे, पण त्यांना "मी की कमिटी" अशा पेचात टाकलंत तर ते मिटून जातील. खजिनदाराला हिशेब कळतो. त्यांना मावशींच्या अपमानाबद्दल भाषण देऊ नका, तीन गोष्टी विचारा: ५०० रुपयांचा दंड आजवर कुणाकडून वसूल केला, त्याची पावती कुठल्या ठरावावर फाडली, आणि उद्या कुणी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेलं तर उत्तर कोण देणार. सही करणाऱ्या माणसाला हे प्रश्न झोपू देत नाहीत. त्यांना आणखी एक मोकळीक द्या: हा विषय त्यांनी स्वतः मांडायची गरज नाही. तुम्ही लेखी अर्ज द्याल, त्यांनी तो फक्त विषयपत्रिकेवर येईल एवढं बघावं, आणि चर्चेच्या वेळी हवं तर गप्प बसावं. हे त्यांना जमेल. रोज त्याच लोकांत बसायचंय, हे त्यांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. तुम्हालाही तिथेच राहायचंय, मुलांना तिथेच खेळायचंय.

एक बारीक गोष्ट विसरू नका. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव कुणाचं आहे? संयुक्त नावावर घर असलं तर सभेत मत पहिल्या नावाच्या व्यक्तीचं, ती हजर नसेल तर दुसरीचं. आपल्याकडे पहिलं नाव बहुतेक वेळा नवऱ्याचंच असतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे ज्या कागदांना पहिल्या नावाची सही लागेल तिथे तुम्हाला त्यांच्याकडेच जावं लागणार. हे आधीच बोलून ठेवा, ऐन सभेत नको.

अर्ज छोटा ठेवा. असा काहीतरी: "लिफ्टबाबतच्या नोटिशीला सर्वसाधारण सभेची मंजुरी आहे का, असल्यास ठरावाची प्रत मिळावी. नसल्यास नोटीस हटवून पुढील बैठकीत असा ठराव मांडावा: तिन्ही लिफ्ट सर्व व्यक्तींसाठी खुल्या राहतील; राडारोडा, फर्निचर, सामानाची ने-आण आणि मोठ्या ट्रॉल्या फक्त सर्व्हिस लिफ्टने होतील आणि सकाळी ७ ते ११ या वेळात राडारोडा उतरवला जाणार नाही." बघा, यात मावशी हा शब्दही नाही. नियम माणसांवरून काढून सामानावर नेला. ज्यांना गर्दीचा खरंच त्रास होता त्यांना यात काहीतरी मिळतं, आणि ज्यांना माणसांचाच त्रास होता त्यांना तसं उघड म्हणावं लागतं. तसं म्हणायची हिंमत फार थोड्यांची होते.

आदर्श उपविधींप्रमाणे लेखी अर्जावर कमिटीने लगेचच्या बैठकीत निर्णय घ्यायचा आणि नंतर १५ दिवसांत कळवायचा असतो. नाही कळवलं तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागता येते, आणि ती महिन्याभरात बोलवावी लागते. तुमच्या टॉवरची स्वतंत्र संस्था असेल आणि ९६ सभासद असतील तर २० सह्या. सगळ्या टॉवरची मिळून एकच असेल तर मोठं काम आहे. मग वार्षिक सभेची वाट बघा, ती ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी. सह्या गोळा करायला आधी दारोदार नका फिरू, समोरच्या शेजारणीकडे जा. तिने तुम्हाला ही गोष्ट सांगितली, म्हणजे तिला ती सलते आहे. मग ज्यांच्या घरी म्हाताऱ्या आई-वडिलांना बघायला दिवसाची बाई किंवा नर्स येते त्यांच्याकडे. त्या घरांना अडलेल्या लिफ्टचा फटका रोज बसतो.

कायद्याचा धाक दाखवावा का, असाही तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे. सध्या नको. घरकामगारांना अमुक लिफ्ट नाकारू नये असं थेट म्हणणारं कलम तुम्हाला हाताशी सापडणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं, त्यावरून कायद्यात अजून किती पोकळी आहे ते कळतं. मात्र कुणी मावशींची जात काढली असेल, किंवा "यांच्यामुळे विटाळ" अशा अर्थाचं काही बोललं असेल, तर प्रकरण पूर्ण वेगळं होतं. तिथे १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि तो मार्ग धरायचा की नाही हे फक्त मावशींनी ठरवायचं. तुम्ही वकील गाठून द्या, सोबत बसा, पुढे होऊ नका.

दरम्यानचे दिवस कसे काढायचे? मावशींना सर्व्हिस लिफ्ट बंद दिसली की त्यांनी तुम्हाला मिस्ड कॉल द्यावा, तुम्ही खाली जाऊन त्यांना सोबत घेऊन यावं. रोज जमणार नाही, घरून काम करत असलात तरी मीटिंगा असतात. पण आठवड्यातून दोनदा तुम्ही त्यांच्याबरोबर साध्या लिफ्टने, गप्पा मारत वर गेलात तर पाहणाऱ्यांची नजर थोडी सरावेल. कुणी बोललंच तर "माझ्याबरोबर आहेत" एवढंच, आवाज न चढवता. दंडाची पावती आली तर भरू नका, लेखी कारण मागा. आणि ज्या दिवशी लिफ्टमुळे उशीर झाला त्या दिवशी घड्याळाकडे बघू नका, हे तर तुम्ही करतच असाल.

भाड्याने राहणाऱ्या वाचकांची अशीच पत्रं येतात म्हणून त्यांच्यासाठी: तुम्हाला सभेत मत नाही, पण घरमालकाला आहे, आणि बहुतेक मालक सभेला फिरकत नाहीत. तुमच्या मसुद्याचा अर्ज त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीने जाऊ शकतो. मालक अमेरिकेत बसलेले असले तरी ईमेलवर एवढं होतं. कमिटीत असणारे वाचक हे वाचत असतील तर त्यांनी निदान खालच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढून तिथे पाणी सोडावं. त्याला कुठलाही ठराव लागत नाही.

शेवटचं काम बरेच जण विसरतात. ठराव झाला, इतिवृत्तात आला, नोटीस उतरली, तरी लिफ्टपाशी उभा असलेला वॉचमन मावशींना हात करून सर्व्हिस लिफ्टकडे पाठवतच राहील, कारण त्याला तसंच सांगितलेलं असतं आणि नवं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. सिक्युरिटी एजन्सीची माणसं तर दर थोड्या महिन्यांनी बदलतात. तेव्हा नवा नियम मराठीत आणि हिंदीत लिहून गेटवरच्या केबिनमध्ये लावायला सांगा, एजन्सीच्या सुपरवायझरची त्यावर सही घ्या, आणि माणूस बदलला की तुमचे खजिनदार त्याला तो एकदा वाचून दाखवतील असं ठरवून टाका.